सशाला नख लावलं

कळंब
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

॥ आई भवानी सांभाळो ॥

सौ. राजेश्वरीबाईंना शामलाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे खुशाल आहेत. फोनच केला असता, पण तुमचा फोन दिवसभर बाळंतपणाला आलेल्या वैदेहीच्या हातात असतो आणि ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको. नववा लागलाय, अशा वेळी पोरीच्या जिवाला घोर नको. म्हणून हा कागद. तुमच्या तेरची दगडाबाई लेकीकडं इथं सारखी येऊन-जाऊन असते, तिच्या हाती देते. तिला वाचता येत नाही हे एक बरं आहे.

तर, बत्ताशाचं नख तुटलं. वैदेहीनं लग्नात तुमच्याकडून आणलेल्या सशाचं.

आज सकाळी घटाला माळ घालायला बसले तर पाटाजवळ लाल ठिपके. आधी वाटलं कुंकू सांडलं. बोट लावलं तर चिकट. नवरात्रात, आईच्या घटापुढं रक्त! ठिपक्यांच्या मागंमागं गेले तर दिवाणाखाली बत्तासा, पुढचा डावा पाय वर उचलून बसलेला. आतल्या बाजूचं नख उभं चिरलेलं, अर्धं लोंबत होतं. मी सोवळ्यात, मी कसा हात लावणार? यांना हाक मारली. यांनीच धरला, मी लांबून सांगत गेले. धुतलेल्या फडक्यानं दाबून ठेवलं, वरून हळद भरली. रक्त थांबलंय. निदान थांबलंसं दिसतंय.

आता मला सांगा, नख आपोआप कसं चिरेल? घरात आम्ही दोघंच. अनिरुद्ध लातूरला नोकरीवर, शनिवारी येतो. मांजर आमच्या अंगणात फिरकत नाही. यांचा आणि सशाचा पेपरवरून दावा आहे खरा, कारण हे वाचायच्या आत तो कोपरे कुरतडतो. पण हे माणूस मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करणारं.

राग मानू नका, विचारते. श्रावणात तुम्ही आला होता तेव्हा त्याची नखं तुम्हीच काढली होती. तेव्हा एखादं नख आतून चिरलं होतं का? अशी चीर दिसत नाही, पुढं कधीतरी उकलते. दोष देत नाही. नुसतं विचारते.

वैदेहीला यातलं अक्षर कळू देऊ नका.

तुमची
शामला


तेर
शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४

शामलाताई, नमस्कार.

तुमचं पत्र दगडाबाईनं चंचीतून काढून दिलं. वैदेही समोरच बसली होती. मी म्हटलं, भिशीचा कागद आहे. पिठाच्या डब्यात ठेवला आणि ती दुपारी लवंडल्यावर वाचला.

तुम्ही दोष दिलेला नाही, तरी मला लागायचा तिथं लागला. नखं मी काढली ती श्रावणात. सशाचं नख दीड महिन्यात पुन्हा आकड्यासारखं वळतं. निघताना तुम्हाला बजावलं होतं, पुढच्या महिन्यात काढून घ्या. काढली का? नंतर फोनवर आठवण केली तर तुम्ही म्हणालात, "पितर बसलेत, पंधरवड्यात आमच्याकडं कुणी नखं काढत नाही." पंधरवडा सरला त्याच्या दुसऱ्या दिवशी घट बसले. घटातही तुमच्याकडं कुणी नखं काढत नाही. म्हणजे ताई, तुम्ही सशालाही पितृपक्ष पाळायला लावला! त्याचे पितर कोण हो? गोत्र कोणतं?

असो. आता काय करायचं ते लिहिते. हळद भरू नका, ससा पाय चाटतो. पुन्हा रक्त आलं तर मक्याचं पांढरं पीठ, कॉर्नफ्लोअर म्हणतात ते, कोरडंच दाबून धरा. लोंबणारं नख ओढू नका, जनावरांच्या डॉक्टरकडून कापून घ्या. पट्टी बांधू नका, तो ती खाऊन टाकेल. खालचं गोणपाट काढून साधी सुती चादर घाला आणि ती रोज धुवा. पाय सुजला किंवा त्यानं खाणं सोडलं तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. ससा उपाशी राहिला की हातचा जातो. डॉक्टरचा खर्च तुमच्या हिशोबाच्या वहीत लिहावा लागेल म्हणून मागं सरू नका.

खरं सांगायचं तर वैदेही उठता-बसता विचारते, बत्तासा काय करत असेल? पोटच्या पोरीशी किती खोटं बोलू? त्यापेक्षा ससा इकडंच पाठवून द्या. इथले डॉक्टर ओळखीचे आहेत.

तुम्हीच तर तिला निघताना स्टँडवर म्हणाला होता, "माहेराहून आणलंस ते माहेरीच ने." पोर बसमध्ये तोंड फिरवून बसली होती. तेव्हाच आणला असता तर ही वेळ आली नसती.

राजेश्वरी


कळंब
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

सौ. राजेश्वरीबाईंना नमस्कार. दसऱ्याचं सोनं पत्रात ठेवलंय, वैदेहीलाही द्या. कुणी दिलं ते सांगू नका.

डॉक्टरचं तुमचं पत्र यायच्या आधीच झालं होतं. बुधवारीच टोपलीत घालून नेला. त्यांनी लोंबणारा तुकडा कापला, भुकटी लावली आणि म्हणाले, "उड्या मारू देऊ नका, जमीन कोरडी ठेवा, नख येईल पुन्हा." काय घेतलं ते वहीत आहे. तुम्हाला कळवायला नको.

नख कशानं तुटलं तेही सापडलं. शेजारच्यांनी तेरखेड्याहून दिवाळीचे फटाके आणून ठेवलेत. पोरांना दम कुठं निघतो? त्या सकाळी एक तोटा लावला होता, हे मला नंतर कळलं. बत्तासा दचकून उडाला आणि नख गोणपाटात अडकलं. गोणपाट धुवायला काढलं तर विणीत तुकडा निघाला. नख लांब होतं, मान्य. पण घटात नखं काढायची नाहीत ही आमच्या घरची रीत आहे, आणि ससा आमच्या घरात राहतो.

आता मुद्द्याचं. "ससा इकडंच पाठवून द्या" हे तुमचं वाक्य मी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

माझ्या मावसबहिणीची, शिवकन्येची सून अशीच बाळंतपणाला माहेरी गेली. आधी निरोप आला, शिलाई मशीन पाठवा, बसून कंटाळा येतो. पाठवलं. मग आला, कपाट पाठवा, बाळाचे कपडे ठेवायला जागा नाही. तेही टेम्पोत घालून पाठवलं. त्यानंतर जे आलं ती वकिलाची नोटीस होती. माहेरचं सामान परत मागायला लागले की सासरच्यांनी काय समजायचं, हे आपल्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

विहीणबाई, तुम्ही सशापासून सुरुवात केली आहे का?

मी फोन करते तेव्हा वैदेही हो, नाही, बरं, एवढंच बोलते. पूर्वी भाजीत मीठ किती घातलं तेसुद्धा सांगायची. स्टँडवर मी बोलले ते हसत बोलले होते. मागं तुम्ही उभ्या होता, तुम्हालाही हसू दिसलं नाही का? की दिसूनही तुम्ही तिला दुसरंच समजावलंत?

माझी सून बाळाला घेऊन परत येणार आहे की नाही, एवढं सरळ लिहा. ससा मी पाठवत नाही. ज्याचं घर इथं आहे त्यानं इथंच राहावं.

शामला


तेर
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

शामलाबाई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला कागद घेतलाच होता. शिलाई मशीन नाही, कपाट नाही, पोरीला करमत नाही म्हणून ससा मागितला, असंच लिहिणार होते. पण आज दगडाबाई आली. मी हळूच विचारलं, शामलाबाईंकडचा ससा कसा आहे गं? ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"त्येला नख लावलं की त्यांनी. सोताच्या तोंडानं सांगितलं मला."

माझ्या हातातलं ताट पडलं. आतून वैदेहीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हात ओला होता.

नख लावणं म्हणजे काय, हेही आपल्यात कुणाला शिकवावं लागत नाही. जुन्या बायका नकोशा झालेल्या पोरींबद्दल दबक्या आवाजात हाच शब्द बोलायच्या. आता मला तुमचं मागचं पत्र कळलं. ससा पाठवत नाही, तो इथंच राहील. कुठं राहील? परसात, माती लोटून? लंगडा झाला, डॉक्टरच्या फेऱ्या होणार, त्यापेक्षा एकदाच नरडीला नख लावून मोकळं व्हावं, असं वाटलं का? मग डॉक्टरचं सगळं कशाला रचून लिहिलं? तुमचे विष्णुपंत तरी घरातच होते ना!

वैदेहीला मी काही सांगितलेलं नाही.

तुम्ही सरळ उत्तर मागितलंत, सरळ घ्या. ज्या घरात मुक्या जिवाला नख लागतं, तिथं माझी बाळंतीण आणि तिचं तान्हं मी कुणाच्या भरवशावर पाठवू? मुलगा झाला तर काय आणि मुलगी झाली तर काय, या विचारानं आज मला जेवण गेलं नाही. बाळ होऊ द्या. मग ती तिकडं येईल की नाही ते आम्ही इथं ठरवू.

राजेश्वरी


कळंब
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

राजेश्वरीबाई,

तुमचं पत्र उभ्यानं वाचलं आणि तशीच ओट्यावर बसले. आणणारी दगडाबाई दारातच पाणी पीत होती. तिला म्हटलं, इकडं ये. तू तेरला जाऊन काय सांगितलंस?

"काय न्हाय बाई. सशाचं इचारलं, सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुमीच म्हणला तेच. नख लावलं म्हून."

"मी असं म्हणाले?"

"व्हय की! मी इचारलं, पाय कसा हाय सशाचा. तुमी म्हणला, नखाला लावलंय, आता बरा हाय."

"अगं बये, नखाला लावलं! नखाला औषध लावलं!"

"मग म्या येगळं काय सांगितलं? नखाला लावलं, नख लावलं. त्येच की."

"त्येच की काय? नख लावलं म्हणजे जीव घेतला ना!"

तिनं तांब्या खाली ठेवला आणि तोंडावर हात मारून घेतला. "आगं आई! म्हून त्या बाईच्या हातातलं ताट पडलं व्हय! मला वाटलं लई माया सशावर."

दगडाबाईचं झालं. ती अडाणी आहे, तिच्या बोलण्यातला एक 'ला' इकडचा तिकडं गेला. पण तुम्ही तर शिकल्या-सवरल्या, चार वर्षं झाली आपली सोयरीक होऊन. तुम्हाला ते ऐकून एकदाही वाटलं नाही, शामला असं करणार नाही म्हणून? पटकन खरं वाटलं. एवढं पटकन खरं वाटतं म्हणजे मनात ते आधीपासूनच असलं पाहिजे. मला शब्दाचं दुःख नाही, याचं आहे.

मी शपथा घेत नाही. खरं बोलणाऱ्याला शपथ कशाला? उद्या सकाळच्या गाडीनं मी बत्ताशाला घेऊन येते. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, जखम भरलीय, टोपलीत मऊ घालून न्या, हिसका बसू देऊ नका. मांडीवर धरून आणीन. वैदेहीला कळू नये म्हणून एवढे कागद काळे केले, आता कळू दे. तुटलेलं नख दिसलं तर दिसू दे, ससा जिवंत आहे हेही तिला दिसेल.

आणि ठेवून घ्यायचा असेल तर ठेवून घ्या. मी अडवणार नाही. शिवकन्येनं टेम्पो भरून दिला होता, मी टोपली भरून देते. पुढचं आई भवानीच्या हाती.

शामला


कळंब
मंगळवार, २२ ऑक्टोबर २०२४

सौ. राजेश्वरीबाईंना नमस्कार.

काल सुखरूप पोचले. गाडीला गर्दी होती, पण कंडक्टरनं टोपली बघून पुढची जागा दिली. तुम्ही बांधून दिलेल्या धपाट्यांतली दोन यांनी रात्री खाल्ली आणि तिखटाचं नाव काढलं.

तुम्ही दारात माझा हात धरलात आणि काही बोलला नाहीत, ते मला पोचलं. मीही काही बोलले नाही. बोललो असतो तर दोघींनी आणखी काहीतरी वेडंवाकडं काढलं असतं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही, ती लिहिते. तुम्ही आत कढीला फोडणी देत होता तेव्हाची. मी वैदेहीपुढं टोपली उघडली. मनात जुळवून ठेवलं होतं, घाबरू नकोस, जरा लागलंय, असं म्हणायचं. तिनं त्याला उचललं, बरोबर डावा पाय हातात घेतला आणि म्हणाली, "छान भरलंय की."

काय झालं, नाही. कधी झालं, नाही. कसं झालं, नाही. छान भरलंय!

राजेश्वरीबाई, तिला ठाऊक होतं. तुम्ही सांगितलंत ना? आणि सांगितलंत तर काय सांगितलंत? फक्त नखाचं, की नख लावल्याचंही? त्या दोन-चार दिवसांत माझ्या सुनेनं मला काय समजून घेतलं असेल, या विचारानं माझा जप चुकतोय.

दुसरं म्हणजे, निघताना ती म्हणाली, "आई, याला परत घेऊन जा." मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच आणलाय. तर म्हणाली, "नाही, तुम्ही न्याच." टोपलीवर स्वतः फडकं बांधलं. तुम्ही बघत होता.

रस्ताभर मी याच गोष्टीचा विचार केला. दिवसभर ज्याची आठवण काढते असं तुम्ही लिहिलं होतंत, तो समोर आला तर मांडीवर घटकाभर घेतला आणि परत दिला? तिला ससा नकोसा झालाय, की आमच्या घरातलं काहीच नकोसं झालंय? शिवकन्येच्या सुनेनं सामान मागून घेतलं. कुणी सामान परतही पाठवतं, तुमचं तुम्हाला लखलाभ म्हणून.

तुम्ही आई आहात. तुम्हाला तिच्या मनातलं कळतं. जे असेल ते कळवा, मला आता आडून काही नको.

शामला


तेर
गुरुवार, २४ ऑक्टोबर २०२४

ती. आईंना वैदेहीचा नमस्कार.

पत्र माझ्या आईला होतं, पण ती पिठाच्या गिरणीत गेली होती आणि दगडाबाईनं ते माझ्या हातात दिलं. "ह्यो सशाचा कागद हाय," म्हणाली. मी फोडलं. चूक झाली. पण तुम्ही दोघी पंधरा दिवस माझ्या पाठीमागं लिहिताय, मी एकदाच वाचलं.

मला इकडच्या आईनं काही सांगितलेलं नाही. ती बिचारी पिठाच्या डब्यात पत्रं लपवते आणि भाकरी करताना विसरून तीच पिठाळ पत्रं बाहेर काढून ठेवते. मला तिकडच्या बाबांनी सांगितलं. ज्या दिवशी नख तुटलं त्याच दिवशी, त्याच मिनिटाला. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आता काय करू? हिला कळू देऊ नकोस मी विचारलं ते." तेव्हापासून रोज एक फोटो येतो. बुधवारी डॉक्टरकडं न्या म्हणून मीच सांगितलं होतं. बाबांनी ते तुम्हाला स्वतःचं म्हणून सांगितलं असेल.

पहिला फोटो माझ्याकडं अजून आहे. घटापुढं तुम्ही सोवळ्यात बसलाय, मांडीवर बत्तासा उताणा. एका हातात जपमाळ तशीच लोंबतेय आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत त्याचा पाय दाबून धरलाय. पदराला रक्त लागलंय. तुमचे डोळे मिटलेले आहेत, ओठ हलताना आलेत. बाबांनी कळवलं, इकडच्या आईला तुम्ही लिहिलंत की यांनी धरला, मी लांबून सांगत गेले. का लिहिलंत ते मला कळतं. पण बाबा फोटो काढत होते, मग ससा धरणार कोण?

स्टँडवरचं तुमचं बोलणं मला लागलं होतं. तुम्ही हसला होता, मलाही दिसलं, तरी लागलं. तेव्हापासून मी ठरवत होते की बाळ झालं तरी इकडंच राहायचं. अनिरुद्धलाही तसं बोलून झालं होतं, म्हणून तो तुमच्यापुढं गप्प असायचा. मग तो फोटो आला. जी बाई सोवळ्यात सख्ख्या मुलाला जवळ येऊ देत नाही, तिनं नवरात्रात घटापुढं ससा मांडीवर घेतला, आणि वर ते लपवून ठेवलं. मी अनिरुद्धला फोन करून सांगितलं, मागचं विसर.

फोनवर मी कमी बोलते कारण इकडच्या आईचे कान माझ्याकडं असतात आणि तिकडं तुम्ही माझा एकेक शब्द तोलता. शिलाई मशीनची गोष्टही बाबांनी कळवली. तुम्ही पत्र लिहिताना मोठ्यानं म्हणता, म्हणे.

म्हणून सोमवारी तुम्ही आलात तेव्हा काय करावं मला सुचेना. मी परत येणार आहे असं तोंडानं सांगितलं असतं, तर गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणाला असता, न विचारता असं का म्हणाली असेल? आणि इकडच्या आईनं दार लावल्यावर विचारलं असतं, त्यांनी तुला काय पढवलं?

त्यामुळं काही बोलले नाही. ससा पाठवला.

तुमची सून
वैदेही